फार्मासिस्ट ताई, तुमच्या त्या एका कागदाबद्दल

ताई, नमस्कार. समोर भेटले की मी नुसतं थँक्यू थँक्यू करत बसते आणि जे सांगायचं असतं ते राहूनच जातं, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं नाव मुद्दाम टाकत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहितीये.

बाबा ७१ वर्षांचे, शुगर, बीपी, थायरॉइड आणि अधूनमधून दमा, आणि आम्ही दोघं सहा महिने अमेरिकेत राहायला निघालेलो. मी तुमच्याकडे आले तेव्हा माझा प्रश्न एवढाच होता की सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतील का. तुमची ड्युटी संपली होती, पर्स खांद्याला होती, आणि तुम्ही पर्स खाली ठेवून म्हणालात, "सगळी औषधं घेऊन या, अगदी डोकेदुखीची गोळीसुद्धा." दुसऱ्या दिवशी मी पिशवीच उपडी केली तुमच्यासमोर.

सगळ्यात आधी तुम्ही त्या कापलेल्या स्ट्रिपा बाजूला काढल्या. आम्ही घरात चार-चार गोळ्या कात्रीने कापून डब्यात टाकतो, त्यात नावही जातं आणि एक्सपायरीही जाते, हे इतक्या वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तुम्ही एक तुकडा हातात धरून विचारलंत ही कसली गोळी सांगा, आणि मला खरंच सांगता आलं नाही. बाबांनाही नाही. मग सगळं मूळ पॅकिंगमध्ये, बिलासकट.

मग कफ सिरप. त्यात कोडीन (अफूच्या जातीचं औषध) होतं आणि आमचं विमान दुबईत बदलणार होतं. तुम्ही सांगितलंत की तिथे कोडीन, ट्रॅमाडॉल ही औषधं नियंत्रित यादीत आहेत, आधी परवानगी काढावी लागते, त्यामुळे जिथे राहणार तिथलेच नाही तर जिथे विमान बदलणार तिथलेही नियम बघायचे. मी तर ते सिरप पर्समध्येच टाकणार होते प्रवासात खोकला नको म्हणून! निमेसुलाइड ही दुखण्यावरची गोळीही काढायला लावलीत, अमेरिकेत ती कधी मंजूरच झाली नाही म्हणून. आणि जाता जाता जपानला जाणाऱ्या एकांचं सांगितलंत, तिथे सर्दीच्या साध्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांच्या वर असेल तर गोळी नेताच येत नाही. आपण ज्याला किरकोळ औषध म्हणतो तेच नेमकं अडकतं, हे मला तेव्हा कळलं.

सहा महिन्यांचा साठा नको, साधारण ९० दिवसांचा न्या आणि पुढचं तिकडच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा खोटं कशाला बोलू, मला टेन्शन आलं होतं. मागून पार्सल मागवू म्हटलं तर त्यालाही नाही म्हणालात, औषधाची पार्सलं कस्टम्समध्ये अडकतात. आणि मग तो कागद केलात. डॉक्टरांच्या लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह, पासपोर्टवर आहे तसंच बाबांचं पूर्ण नाव, प्रत्येक औषधाचं ब्रँड नाही तर आतल्या औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, किती वाजता, कशासाठी. तारखेत महिना अक्षरात, कारण ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल आणि तिकडे ४ मार्च. पंपाच्या ओळीत सालब्युटामॉल आणि शेजारी अल्ब्युटेरॉल, पॅरासिटामॉलच्या शेजारी अ‍ॅसिटामिनोफेन, कारण तिकडे हीच नावं चालतात. प्रवासातल्या इन्सुलिनच्या डोसबद्दल मात्र तुम्ही स्वतः काही बोलला नाहीत, ते डॉक्टरांनाच विचारा म्हणालात, आणि खरं सांगू का, त्यामुळे माझा तुमच्यावरचा विश्वास अजून वाढला.

आमची मोठी बॅग तीन दिवस उशिरा आली. औषधं सगळी हातातल्या बॅगेत होती, इन्सुलिनच्या आठही बाटल्या सुद्धा, कारण तुम्ही बजावलं होतं की विमानाच्या पोटात ते गोठू शकतं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही. आइसपॅकला बाटली टेकू नये म्हणून मध्ये टॉवेलची घडी घालायलाही तुम्हीच शिकवलंत.

पण हे पत्र मी ज्यासाठी लिहायला बसले ते पुढेच आहे. चौथ्या महिन्यात आपलं इन्सुलिन संपलं, तिकडच्या डॉक्टरांनी तो कागद वाचून पाच मिनिटांत नवीन लिहून दिलं. आपली बाटली ४० ची, म्हणजे एका एमएलमध्ये ४० युनिट, आणि तिकडची १०० ची. सोबत नवीन सिरिंजही मिळाल्या होत्या, नारिंगी टोपीच्या. पण त्या रात्री बाबांनी सवयीने आपली उरलेली लाल टोपीची सिरिंज काढली आणि १६ च्या खुणेपर्यंत भरायला घेतली. मी शेजारीच होते आणि मला एकदम तुमची ती लाल पेनाने लिहिलेली ओळ आठवली, "४० ची सिरिंज फक्त ४० च्या बाटलीला, नाहीतर अडीचपट जाईल." मी त्यांचा हातच धरला. १६ च्या जागी ४० युनिट गेलं असतं ताई, तेही रात्री झोपताना. शुगर किती खाली गेली असती आणि आम्हाला कळलं तरी असतं का, हा विचार अजून मला झोपू देत नाही. लाल टोपीच्या सगळ्या सिरिंज त्याच रात्री सुया टाकायच्या डब्यात गेल्या.

तुम्ही ती ओळ लिहीत होतात तेव्हा मी घड्याळाकडे बघत होते, मला घरी जायची घाई होती. त्याची माफी मागायची राहिली होती, ती आज मागते.

बाबा ठणठणीत परत आलेत. पुन्हा ४० च्या बाटलीवर यायचंय, त्यामुळे यावेळी सिरिंज तुमच्यासमोरच घेणार आहोत, सोमवारी येतो दोघंही. कागद सोबत आणते, घड्यांवर फाटलाय थोडा, आणि तुमच्या लाल ओळीखाली तिकडच्या डॉक्टरांनी त्यांची सही केलीये.