सोऱ्या नवा कोरा आण

अश्दोद, इस्रायल

प्रिय नंदा,
शलोम.

तुझं तिकीट झालं हे कळल्यापासून घरात दुसरा विषय नाही. उद्या सूर्य मावळला की सुक्कोथ, आमचा ज्यूंचा मांडवाचा सण, लागेल. तू पोचशील तेव्हा आमचा मांडव उभाच असेल. सात दिवस जेवणं त्यातच. वर पत्रा, ताडपत्री चालत नाही. झाडावरून तोडलेला पालाच हवा, दिवसा सावली धरणारा आणि रात्री चांदण्या दिसतील इतका विरळ. इथे आम्ही खजुराच्या फांद्या घालतो. अलिबागला इस्रायल आळीत नारळाच्या झावळ्या असायच्या, आठवतं ना? सुगी घरात आल्यावरचा सण हा. हातात धरायला एत्रोग लागतं, म्हणजे आपलं महाळुंगच म्हण. तेही डाग नसलेलं, कलमी झाडाचं नसलेलं. ह्यांनी दुकानात तासभर एकेक फळ उजेडात फिरवून पाहिलं.

तू विचारलंस, खायला काय आणू आणि कोशरचं, म्हणजे आमच्या खाण्याच्या नियमांचं, नेमकं काय सांभाळायचं. पापलेट चालतं, कारण त्याला खवले आणि पर आहेत. कोलंबी मात्र नाही. सगळ्यात मोठा नियम मटण आणि दुधाचा. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, असं तोरात, आमच्या धर्मग्रंथात, तीनदा सांगितलंय. त्यामुळे दोन्हींची भांडी वेगळी, आणि मटण जेवलं की आमच्याकडे सहा तास दुधाचा चहासुद्धा नाही.

पण सणाला मटण हवं आणि गोडही हवं. कोकणात आमच्या लोकांनी यावर नारळ धरला. मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध, नंतरच्या खिरीलाही तेच. ज्यू पंचांगाच्या याच तिश्री महिन्यात आमचा जुना खिरीचा सणही येतो. आईची खीर मी अजून तशीच करते. पातळ दुधात तांदूळ मऊ होऊ द्यायचे, साखर विरली की पहिलं घट्ट दूध घालून लगेच खाली उतरवायची. उकळी आली तर दूध फुटतं. मग ती दाणेदार दिसते नि चवीलाही उतरते. इथे डब्यातलं नारळाचं दूध सहज मिळतं, तरी सणाला मी नारळ खवूनच काढते. वाटताना घरभर जो वास सुटतो, तो डब्यात नाही.

तुझ्या आईनं हे सगळं न सांगता ओळखलं होतं. दिवाळीला तुमच्याकडे आले की तुला फराळाची ताटली नि माझ्यासाठी केळी आणि ओल्या खोबऱ्याचा तुकडा. "तुझ्या आईला चालेल तेवढंच," म्हणायची. मला चकल्यांकडे बघत बसायची सवय झाली होती. त्या मायेची किंमत मला इथे येऊन कळली, आणि तिला ते सांगायचं राहूनच गेलं.

म्हणून या खेपेला तयार चकल्या आणू नकोस. नुसती आमसुलं आण. भाजणी आपण इथे करू. डाळ-तांदूळ मी निवडून ठेवते, किडा राहता कामा नये. शिजवण्यात आमचा हात लागावा लागतो, म्हणून गॅस मी पेटवीन, चकल्या तू पाड, कढईत मी सोडीन. असं केलं की घरातल्या सगळ्यांना खाता येतील.

आणि सोऱ्या पितळी, नवा कोरा आण. नवं धातूचं भांडं वापरण्याआधी पाण्यात बुडवून घ्यावं लागतं, आणि त्याला समुद्र चालतो. आमच्या घरापासून किनारा दहा मिनिटांवर आहे. तू आलीस की आधी तिथेच जाऊ.

तुझी,
रिबका