नाशिकच्या फ्रंट ऑफिसमधल्या ताईंना, अमळनेरच्या एका पाहुण्याकडून

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

या पत्रात मी तुमचे नाव लिहिलेले नाही आणि तुमच्या हॉटेलचेही लिहिलेले नाही. त्या सकाळी तुम्ही मला जे समजावून सांगितले ते तुमच्या नोकरीचा भाग नव्हते, आणि त्याबद्दल तुम्हाला कोणाला जाब द्यावा लागू नये अशी माझी इच्छा आहे. तरीही आभार चारचौघांत मानायचे ठरवले, कारण कामानिमित्त सतत फिरणारी माझ्यासारखी माणसे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत पुष्कळ आहेत, आणि मला हॉटेलचे स्टेटस, म्हणजे नेहमीच्या पाहुण्याला मिळणारा वरचा दर्जा, विकू पाहणाऱ्या माणसाचा संदेश त्यांच्याही फोनवर येऊन पडला असेल.

सौर पंपांच्या कामासाठी मी वर्षातल्या पंचवीस-तीस रात्री हॉटेलांत काढतो. नऊ वर्षे एकाच साखळीच्या हॉटेलांत राहिल्यामुळे त्यांच्या सभासद कार्यक्रमातल्या माझ्या खात्यावर, पुढे ज्यांवर खोली मिळते असे बरेच पॉइंट साठले होते आणि मधल्या पायरीचे स्टेटसही मिळाले होते. यंदा माझ्या आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली. वडील निवृत्त शिक्षक आहेत. उभ्या आयुष्यात ते धर्मशाळेत आणि नातेवाइकांकडे राहिले, चांगल्या हॉटेलात कधीच नाही. त्या दोघांना साठलेल्या पॉइंटांवर तीन रात्री गोव्याला न्यावे, मोठी खोली मिळावी, सकाळचा नाश्ता मिळावा आणि आईचे गुडघे दुखतात म्हणून निघण्याच्या दिवशी दुपारपर्यंत खोली सोडावी लागू नये, एवढेच माझ्या मनात होते. वरची पायरी असती तर यातले बरेच मिळाले असते, पण त्यासाठी लागणाऱ्या रात्री माझ्याकडे नव्हत्या.

नेमक्या त्याच दिवसांत प्रवासाच्या सवलतींची माहिती देणाऱ्या एका ग्रुपवर तो संदेश आला. वर्षभराचे प्लॅटिनम, म्हणजे वरच्या पायरीचे स्टेटस, अठरा हजार रुपये, सात दिवसांत काम पूर्ण, सहा हजार आधी आणि बाकीचे काम झाल्यावर. सोबत समाधानी ग्राहकांचे म्हणून पाच-सहा स्क्रीनशॉट होते. मी यूपीआयने सहा हजार पाठवले, पासपोर्टची प्रत पाठवली आणि आधार कार्डाचा फोटोही पाठवला. पुढची मागणी खात्याच्या पासवर्डची आणि फोनवर येणाऱ्या ओटीपीची होती. त्या रात्री मी नाशिकला तुमच्या काउंटरवर पोहोचलो तेव्हा ते देणे तेवढे बाकी होते.

मी बोलता बोलता सांगितले की पुढच्या खेपेला येईन तेव्हा मी प्लॅटिनम असेन, आणि कसे ते तुम्ही विचारल्यावर विकत घेतो आहे असेही सांगून टाकले, कारण त्यात लपवण्यासारखे काही आहे हे मला खरोखरच ठाऊक नव्हते. तुम्ही हातातले खोलीचे कार्ड खाली ठेवले आणि एकच प्रश्न विचारलात: "पासवर्ड दिला का?" नाही म्हटल्यावर तुमच्या चेहऱ्यावर जी सुटका दिसली ती मी विसरलेलो नाही. माझ्या बोलण्यावरून तुम्ही गाव ओळखले होते. आपण पारोळ्याच्या आहात हे सांगून तुम्ही हलक्या आवाजात म्हणालात, "हाई बरं नही शे, भाऊ." इतक्या औपचारिक जागी आपली अहिराणी ऐकली आणि मी थांबलो. दुसऱ्या कोणी हेच नियमावलीच्या भाषेत सांगितले असते तर कदाचित मी ऐकले नसते.

सकाळी सात वाजता तुमची पाळी संपली. रात्रभर उभे राहून काम केलेल्या माणसाला घरी जाण्याची किती घाई असते हे मी जाणतो. तरीही तुम्ही लॉबीत माझ्यासमोर बसून चहाचा कप गार होईपर्यंत सगळे समजावून सांगितले.

विकणाऱ्याच्या हाती विकण्यासारखे काही नसते, हे तुमच्याकडूनच मला प्रथम कळले. मॅरियट या हॉटेल साखळीच्या सभासद कार्यक्रमात 10, 25, 50 आणि 75 रात्रींच्या पायऱ्या आहेत, हयात या साखळीच्या कार्यक्रमात 10, 30 आणि 60 रात्रींच्या. म्हणजे स्टेटस हे मुळात राहिलेल्या रात्रींचे मोजमाप आहे आणि न राहिलेल्या रात्री कोणी विकत असेल तर त्या कुठून तरी खोट्या तयार कराव्या लागतात. त्या कशा तयार होतात हेही तुम्ही सांगितलेत. एका साखळीचे स्टेटस दाखवून दुसरीकडून तेवढेच मागता येते, त्याला स्टेटस मॅच म्हणतात. विक्रेता ग्राहकाच्या नावाचा बनावट स्क्रीनशॉट तयार करून तो अर्ज करतो. अर्ज ग्राहकाच्या नावाने जातो, म्हणजे खोटा कागद ग्राहकाने सादर केला अशीच नोंद राहते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बनावट इलेक्ट्रॉनिक नोंद खरी म्हणून वापरणे हा गुन्हा आहे, ही गोष्ट मला त्या सकाळपर्यंत आपल्याशी संबंधित वाटलीच नव्हती. दुसरा प्रकार मोठ्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना सवलतीने स्टेटस देणाऱ्या लिंकचा; विक्रेता ग्राहकाला त्या लिंकवरून आत घुसवतो. तिथे कधी तरी नोकरीचा पुरावा मागितला जातो आणि तो आपल्याकडे असण्याचा प्रश्नच नसतो.

तिसरा प्रकार ऐकून मात्र माझ्या अंगावर काटा आला. काही ठिकाणी ग्राहकाच्या नावाने आणि त्याच्याच ओळखपत्रावर दुसराच माणूस हॉटेलात नोंदवला जातो, किंवा कोणीच न राहता आतल्या माणसाच्या संगनमताने रात्री चढवल्या जातात. आपल्याकडे हॉटेलाला प्रत्येक पाहुण्याच्या ओळखपत्राची नोंद ठेवावी लागते आणि पोलीस तपासात तीच नोंद आधी पाहिली जाते. मी अमळनेरला घरी जेवत असताना माझ्या नावाचा माणूस एखाद्या परक्या शहरातल्या हॉटेलात असल्याची नोंद झाली आणि त्या रात्री त्या खोलीत काही विपरीत घडले, तर मी कोणाला काय सांगणार होतो? मी तर पासपोर्टची प्रत स्वतःच्या हाताने पाठवून बसलो होतो.

पासवर्डाबद्दल तुम्ही जे बोललात ते सर्वांत महत्त्वाचे होते. खाते उघडता आले की विक्रेता आधी त्यातला ईमेल आणि मोबाइल क्रमांक बदलतो, मग साठलेल्या पॉइंटांवर तिसऱ्याच्या नावाने खोल्या काढतो आणि त्या स्वस्तात विकतो. म्हणजे अठरा हजारांना स्टेटस घेणाऱ्या माणसाचे लाखभर पॉइंट हाच त्याचा खरा माल असतो. बँकेतले पैसे गेले की फोनवर लगेच संदेश येतो. पॉइंट आपण महिनोन्‌महिने पाहतही नाही.

आणि समजा विक्रेत्याने शब्द पाळला, स्टेटस मिळाले, तरी ते टिकत नाही. सभासदत्व आणि त्याचे लाभ विकता येत नाहीत असे या कार्यक्रमांच्या अटींतच लिहिलेले असते, आणि गैरवापर आढळल्यास खाते बंद करून सगळे पॉइंट रद्द करण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे ठेवलेला असतो. माझ्या ओळखीच्या धुळ्याच्या एका व्यापाऱ्यांना मी नंतर हे सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. त्यांनी दोन वर्षांपूर्वी असेच स्टेटस घेतले होते, सात महिने ते चालले आणि मग तपासणीत खाते बंद झाले. खोट्या पायरीबरोबर त्यांचे सहा वर्षांचे प्रामाणिक पॉइंटही गेले. तक्रार कशाच्या आधारावर करणार, म्हणून त्यांनी घरीही कोणाला सांगितले नव्हते.

तुम्ही मला तिथेच बसवून कामाला लावले, त्याबद्दल वेगळे आभार मानले पाहिजेत. पासवर्ड बदलला, तोच पासवर्ड जिथे जिथे वापरत होतो तिथलाही बदलला, ईमेलला दुहेरी पडताळणी लावली. आधारचे बायोमेट्रिक लॉक केले, आणि ज्यात शेवटचे चारच अंक दिसतात असे मास्क्ड आधार मिळते हेही मला तेव्हाच कळले. 1930 या सायबर हेल्पलाइनवर माझ्याकडून फोन करवून घेतलात आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून घेतलीत. विक्रेत्याशी झालेले बोलणे मी रागाच्या भरात पुसायला निघालो होतो, तेव्हा तुम्ही हात आडवा केलात आणि आधी त्याचे स्क्रीनशॉट घ्यायला लावलेत. पुढे तक्रारीला तोच पुरावा लागला.

सहा हजार रुपये परत मिळाले नाहीत. अनधिकृत व्यवहार तीन कामाच्या दिवसांत कळवला तर ग्राहकावर बोजा पडत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा 2017 चा नियम आहे खरा, पण मी स्वतः पिन टाकून पैसे पाठवले होते, त्यामुळे तो मला लागू होत नव्हता. पैशांचे दुःख मी सोडून दिले आहे. पासपोर्टची प्रत परत घेता येत नाही, याची काळजी मात्र अजून आहे. मॅरियटने 30 नोव्हेंबर 2018 रोजी आपण विकत घेतलेल्या स्टारवूड या हॉटेल कंपनीच्या आरक्षणांच्या माहितीत 2014 पासून शिरकाव झाल्याचे जाहीर केले आणि त्यात कूटबद्ध न केलेले 52 लाखांहून अधिक पासपोर्ट क्रमांक होते, हे तुम्ही मला सांगितले होते. एवढ्या मोठ्या कंपनीच्या कुलपातून जी गोष्ट चोरायला चोर येतात, ती मी एका अनोळखी फोन क्रमांकावर पाठवली होती. माझ्या नावावर कोणी कर्ज काढले नाही ना, हे पाहण्यासाठी मी आता वर्षातून एकदा मोफत मिळणारा क्रेडिट रिपोर्ट मागवतो. पहिला आला, तो स्वच्छ आहे.

एक गोष्ट मी तेव्हा तुम्हाला बोललो नाही. कार्यक्रमाच्या ग्राहक सेवेला फोन करून झाले ते खरे सांगा, असे तुम्ही म्हणालात तेव्हा मला भीती वाटली होती, कारण खरे सांगितले आणि त्यांनी खातेच बंद केले तर नऊ वर्षांचे पॉइंट जातील असे मनात आले. तुम्ही म्हणालात की अजून खोटा अर्ज गेलेला नाही, कोणी तो करण्याआधी मीच सांगितले तर ते माझ्या बाजूने राहील. मी दोन दिवसांनी फोन केला. पलीकडच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतले, खात्यावर नोंद केली, ओळख पुन्हा तपासली आणि खाते चालू ठेवले.

गोव्याची सहलही तुमच्याच सांगण्याप्रमाणे पार पडली. मोठी खोली वरच्या पायरीच्या सभासदालासुद्धा शिल्लक असेल तरच मिळते. आईवडिलांना ज्याची खरी गरज आहे ते सरळ हॉटेलला कळवा, असे तुम्ही सांगितले होते. मी पॉइंटांवर थेट साखळीकडेच आरक्षण केले, नाश्त्याचे पैसे वेगळे भरले आणि आठ दिवस आधी ईमेल लिहिला की लग्नाचे पन्नासावे वर्ष आहे, आईचे गुडघे दुखतात, लिफ्टजवळची खोली आणि शेवटच्या दिवशी जमेल तेवढा वेळ मिळाला तर उपकार होतील. लिफ्टजवळची खोली मिळाली. निघण्याच्या दिवशी दुपारी दोनपर्यंत थांबता आले. संध्याकाळी खोलीत परतलो तर टेबलावर एक छोटा केक होता आणि कागदावर हाताने लिहिलेल्या शुभेच्छा होत्या. वडिलांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. आता तो त्यांच्या टेबलाच्या काचेखाली आहे. हे सगळे मिळवण्यासाठी मी पासपोर्ट अनोळखी माणसाच्या हाती दिला होता आणि ते एका प्रामाणिक ईमेलने मिळाले, हे मनात येऊन मला त्या रात्री झोप लागली नाही.

तुमची सारी हकीकत मी घरी सांगितली आहे, माझ्या चुकीसकट. वडील काही वेळ बोलले नाहीत, मग त्यांनी विचारले की ती मुलगी पारोळ्याच्या कोणत्या गल्लीतली. आईने तुम्हाला निरोप दिला आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुम्ही माहेरी याल तेव्हा अमळनेर जवळच आहे. एक दिवस आमच्याकडे जेवायला या. त्या दिवशी आई खापर तापवून पुरणाचे मांडे करणार आहे, आणि गुडघे दुखत असले तरी ते काम ती सुनेवर सोडणार नाही असे तिने आत्ताच बजावून ठेवले आहे.

आपला ऋणी,
अमळनेरचा भाऊ