कर्णाविषयी, आणि लक्ष्मीबाईंविषयीही

नाशिक,
रविवार

ती. आई आणि ती. बाबांना,
सा. नमस्कार.

बाबा, डोळ्याची पट्टी निघाली पण डॉक्टरांनी एवढ्यात वाचायचं नाही असं बजावलंय, हे दादाकडून कळलं. तेव्हा हे पत्र आईनं मोठ्यानं वाचून दाखवायचं. आई, वाचता वाचता तुला जे वाटेल ते बोल आणि नंतर मला लिहून कळव. तुझं मतही मला हवंय.

त्या दिवशी फोनवर आपलं बोलणं कर्णापाशी येऊन थांबलं. बाबा, तुम्ही म्हणालात की 'युगान्त' या महाभारतातल्या माणसांवरच्या लेखसंग्रहात इरावतीबाई कर्व्यांना कर्णाचं दुःख कळलंच नाही, त्यांनी त्याच्यावर अन्याय केला. 'युगान्त' तेव्हा माझं निम्मंच झालं होतं, म्हणून मी काही बोलले नाही. आता वाचून झालंय. मधल्या वेळात तुमच्या कपाटातलं शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय'ही पुन्हा काढलं, कारण एकच बाजू वाचून तुमच्याशी बोलणं मला बरं वाटेना.

दोन्ही पुस्तकं 1967 सालची, हे लक्षात आलं तेव्हा मी थक्क झाले. एकाच वर्षी, एकाच भाषेत, एकाच माणसाकडे पाहण्याच्या इतक्या वेगळ्या दोन नजरा! सावंतांच्या कादंबरीत सहा जण बोलतात. स्वतः कर्ण, दुर्योधन, कर्णाचा भाऊ शोण, बायको वृषाली, कुंती आणि शेवटी कृष्ण. शोणाचा भाग वाचताना या वेळीही माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवत नाही. भावाविषयी इतक्या मायेनं बोलणारा माणूस आपल्या साहित्यात फार नाही. कादंबरीकारानं कर्णाला जवळ घ्यावं, त्याची बाजू त्याच्याच तोंडून सांगावी, तो त्याचा हक्कच आहे.

पण इरावतीबाईंचं काम निराळं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनं 1919 पासून 1966 पर्यंत खपून, हजाराहून जास्त पोथ्या ताडून महाभारताची जी संशोधित आवृत्ती सिद्ध केली, तिच्या आधारानं त्या लिहितात. ते वाचताना मला एक गोष्ट सारखी आठवत होती. द्रौपदीनं भर स्वयंवरात 'सूताला वरणार नाही' म्हणून कर्णाला नाकारलं, हे आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलेलं. माझ्या वर्गातल्या मुलांनाही ते पाठ आहे, आणि एकूण एक पोरं कर्णाच्या बाजूची आहेत. पण ती ओळ थोड्याच पोथ्यांत सापडते, म्हणून संशोधित आवृत्तीच्या मुख्य पाठात तिला जागा नाही. बाबा, तो अपमानच मूळ कथेत नसेल, तर द्यूतसभेत कर्ण द्रौपदीला जे बोलला, तिची वस्त्रं उतरवायला सांगितलं, त्याला सूड तरी कसं म्हणायचं? तुम्ही नेहमी म्हणता, दुखावलेला माणूस बोलून जातो. तिनं त्याला दुखावलंच नसेल तर?

घोषयात्रेत, म्हणजे कौरव गाईंची मोजदाद करायला म्हणून वनात गेले तेव्हा, गंधर्वांशी गाठ पडली आणि कर्ण दुर्योधनाला मागे ठेवून रणातून निघून गेला. विराटाच्या गाई हाकलून नेताना एकट्या अर्जुनानं सगळ्यांना पळवलं, त्यात कर्णही होता. हे प्रसंग महाभारतातलेच आहेत, इरावतीबाईंच्या पदरचे नाहीत. आपण ते सहज ओलांडून जातो, त्या ओलांडत नाहीत. कर्णावरच्या लेखाचं नावच 'मी कोण?' आहे. जन्मभर या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यांकडून मागत राहिलेल्या माणसाकडे त्या पाहतात, आणि मला त्यात तिरस्कार कुठेच दिसला नाही. त्याच्यावर काय गुदरलं ते त्या नाकारत नाहीत. फक्त तेवढ्यावर थांबत नाहीत, त्यानं स्वतः काय केलं तेही विचारतात. माझ्या मते हा न्यायच आहे. कर्णाला दयेचा विषय केलं की त्याच्या हातून घडलेलं काहीच त्याचं राहत नाही.

आणि त्या कोरड्या आहेत असं म्हणू नका. भीष्माच्या प्रतिज्ञेचं आपल्याला केवढं कौतुक! पण त्या प्रतिज्ञेपायी अंबा, अंबिका, अंबालिका, गांधारी, कुंती, माद्री यांचं काय झालं, हे त्या एकेक नाव घेऊन विचारतात. माणूस कोरडा असता तर त्याला ही नावं सुचलीच नसती. द्रौपदीच्या लेखाच्या शेवटी, ती पांडवांच्या शेवटच्या प्रवासात वाटेत कोसळलेली असताना भीम तिच्यापाशी येतो, तो प्रसंग त्यांनी स्वतः कल्पून लिहिलाय. आई, तो मी तुला वाचून दाखवणार आहे.

सध्या रात्री लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' चाललंय, सावानातून, म्हणजे इथल्या सार्वजनिक वाचनालयातून, आणलेली प्रत. शाळेत त्यातला उतारा होता, तो सगळा हसण्याचा, त्यामुळे पुस्तकच हसण्यावारी आहे असा माझा समज होता. पूर्ण वाचताना ते फार मोठं पुस्तक आहे हे जाणवतंय. लक्ष्मीबाई आपल्या इथल्याच, 1868 साली जलालपूरला जन्मलेल्या. वडिलांचं सोवळं इतकं टोकाचं की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. अशा घरातली मुलगी ना. वा. टिळकांच्या घरात येते. पैसा आला की कुणाला तरी देऊन मोकळा होणारा कवी नवरा. 1895 मध्ये तो ख्रिस्ती होतो, ही पोराला घेऊन काही वर्षं वेगळी राहते, आणि 1900 मध्ये स्वतः बाप्तिस्मा घेते. मधल्या काळात जातीपातीचा विचार करता करता ती कुणाच्याही हातचं खायला-प्यायला तयार होते, ती पानं मी लागोपाठ दोनदा वाचली. कुणी उपदेश केला म्हणून तसं झालं नाही. तिचं तिला उमगलं.

एवढं सोसूनही त्या आपल्याकडे सहानुभूती मागत नाहीत. नवऱ्याचा राग आणि नवऱ्यावरचा जीव एकाच वाक्यात मावतो. बाबा, म्हणूनच कर्णाच्या वादात मला त्या सारख्या आठवतात. ज्या पुस्तकांनी माझ्याकडून रडू मागितलं नाही, ती माझ्याजवळ जास्त टिकली. 'मृत्युंजय' मला आवडतं, पण वय वाढेल तशी मी 'युगान्त'कडे आणि 'स्मृतिचित्रे'कडे जास्त जाईन, असं वाटतं.

आई, तुझ्या आजीलाही सोवळ्याचं फार होतं, असं तू सांगायचीस. त्यातलं तुला जे आठवतं ते लिही ना, अगदी लहानसहान गोष्टीसुद्धा.

'युगान्त'ची एक प्रत तुमच्यासाठी विकत घेतली आहे. टाईप बारीक आहे, तेव्हा सध्या आईनं वाचावं आणि बाबांनी ऐकावं. कर्णापासून सुरू करू नका, आधी गांधारी आणि कुंती होऊ द्या. पुढच्या महिन्यात मी येईन तोवर 'मी कोण?' पर्यंत पोचला असाल, तर द्यूतसभेच्या प्रश्नाचं तुमचं उत्तर मला समोरासमोर ऐकायचंय. डोळ्यात थेंब वेळेवर घाला.

तुमची लेक