वेलांटी बदलली की कोडे बदलते

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतले गूढ शब्दकोडे, म्हणजे ज्याच्या सूत्रात उत्तराचा अर्थही असतो आणि अक्षरांचा खेळही, ते मी आणि माझ्या सासूबाई मिळून सोडवतो. मुलगा ई-पेपरवरून ते पान छापून देतो, मी झोपाळ्यावर बसून शोधसूत्रे मोठ्याने वाचते आणि आई डोळे मिटून ऐकतात. त्यांचे वय ८४ आहे. सेंट्रल लायब्ररीतली पुस्तके आणून वाचण्यात त्यांची अर्धी हयात गेली, त्यामुळे शब्द अगदी जिभेवर असतात. मागच्या एका कोड्याने मात्र आम्हा दोघींना फार त्रास दिला, आणि तो त्रास अवघड कोड्याचा नव्हता, म्हणून हे पत्र.

४ आडवा असा होता: ‘नदी उलटली की उगवतो दिवस (२)’; कंसातला आकडा उत्तराच्या अक्षरांचा. दिवस म्हणजे दिन, हे लगेच सुचले. पण ‘नदी’ उलटी लिहिली की ‘दीन’ होते. आई म्हणाल्या, ‘‘अगं, ती दुसरी वेलांटी. दिवसाची पहिली.’’ मग वाटले, रचनाकारांच्या मनात दुसरीच एखादी नदी असणार. तापी उलटवली, भीमा उलटवली. जिचे पाणी बडोद्याच्या नळांना येते ती मही उलटवली, तर ‘हीम’ मिळाले. तिथेही बर्फ हवा असेल तर वेलांटी चुकीचीच. त्याच चौकोनातून खाली उतरणारा शब्द ‘दिलासा’ होता. आम्ही ‘दी’ धरून बसलो होतो, त्यामुळे दीपक, दीक्षित असे काहीबाही बसवत राहिलो. लिहून-खोडून त्या चौकोनात कागदाला भोक पडले. पुढच्या रविवारी उत्तर आले: दिन.

साध्या शब्दकोड्यात एवढी ढिलाई खपून जाते, कारण तिथे शब्द अर्थावरून सापडतो आणि वेलांटी आपण आपली दुरुस्त करून घेतो. गूढ कोड्यात अक्षरे हाच पुरावा असतो. दिन आणि दीन ही जोडी तर शुद्धलेखन शिकवताना शाळेत पहिल्यांदा फळ्यावर लिहितात. शिवाय ‘दिवस’ काढून तिथे ‘गरीब’ घातले असते, तर तेच सूत्र निर्दोष झाले असते: ‘नदी उलटली की उरतो गरीब’. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचे पाणी घराघरांत शिरलेले आम्ही बडोदेकरांनी पाहिले आहे. आम्हाला ते सूत्र वाचताक्षणी भिडले असते.

दुसरे सूत्र: ‘बिघडला नवरा, झाले माकड (३)’. उत्तर वानर; ‘बिघडला’ ही अक्षरांची उलटापालट करण्याची खूण. वाचून आई मनापासून हसल्या, मीही हसले. पण न, व, रा यांची कशीही उलटापालट करा, वानर होत नाही. ‘रा’चा काना उडी मारून ‘व’वर जाऊन बसला आहे. इंग्रजीत एकेक अक्षर सुटे असते, ते कुठेही हलवता येते. आपल्याकडे चौकोनात अख्खे अक्षर बसते, काना-मात्रा-वेलांटीसकट. ते हलेल तेव्हा त्याच्या अंगावरचे सगळे त्याच्याबरोबर हलायला हवे. काना वेगळा काढायचाच असेल तर तसे सांगावे: ‘नवरा बिघडला, कानाही हलला, झाले माकड’. गंमत तेवढीच राहते आणि सोडवणाऱ्याची फसगत होत नाही.

हे रचनाकार कुशल आहेत, म्हणूनच इतक्या आग्रहाने लिहिते आहे. त्याच कोड्यात ‘लेखणीसाठी कमल बिथरली (३)’ होते. ही कमल कोण, तिची लेखणी कुणी घेतली, असा विचार करत आम्ही चहा निववला, आणि मग आई एकदम म्हणाल्या, ‘‘कलम!’’ तीन शब्दांत अर्थही आला, खूणही आली, अक्षरेही आली; एक शब्द जास्तीचा नाही. ‘सरकारला द्यायचा हात (२)’, उत्तर कर, हेही तसेच. आणि ‘नगर मला आतून वाटे उष्ण (३)’ या सूत्राच्या पोटात ‘गरम’ जसाच्या तसा पडून होता, तरी मेमधल्या भर दुपारी आम्हाला तो दिसेना. असे हरायला आम्ही केव्हाही तयार आहोत.

डेरिक मॅकनट या इंग्रज कोडेकाराने १९६६ सालच्या पुस्तकात इंग्रजी कोड्यांसाठी हाच दंडक घालून दिला; त्याचे सार पुढे असे सांगितले गेले: नेमका अर्थ, सरळ शब्दखेळ आणि त्याखेरीज काहीही नाही. पण त्यासाठी इंग्रजीकडेच बघायला हवे असे नाही. ‘कं बलवन्तं न बाधते शीतम्?’, कोणत्या बलवानाला थंडी बाधत नाही, हा जुना संस्कृत प्रश्न आई नातवंडांना घालतात. पहिले दोन शब्द जोडले की प्रश्नातच उत्तर मिळते: ‘कंबलवन्तं’, ज्याच्याकडे कांबळे आहे त्याला. अनुस्वारसुद्धा जागचा हलत नाही.

तेव्हा विनंती अशी. काना, मात्रा, वेलांटी अक्षरासोबतच हलतील की नाही, हे कोड्याच्या माथ्यावर एका ओळीत छापावे. उत्तरांबरोबर प्रत्येक सूत्राची फोड द्यावी, निदान अवघड पाच-सहा सूत्रांची तरी. नुसत्या ‘दिन’वरून कुणाला काय कळणार? आणि छापायच्या आधी कोडे एखाद्या तिऱ्हाइताकडून सोडवून घ्यावे.

‘दिन’साठी आईंनी स्वतः एक सूत्र रचले आहे. ते आवडल्यास रचनाकारांनी खुशाल वापरावे, असा त्यांचा निरोप आहे: ‘कर न घेता दिनकर देतो दिवस (२)’.

आपली,
एक नियमित वाचक
दांडिया बाजार, बडोदे