हरकतींची नोटीस जागेवरही लावा

उद्याने व क्रीडांगणांसाठी आरक्षित असलेल्या महापालिकेच्या जागांचा वापर बदलण्यापूर्वी नागरिकांच्या हरकती-सूचना मागविण्याविषयीचे वृत्त वाचले. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मधील कलम ३७ नुसार विकास आराखड्यात फेरबदल करताना राजपत्रात नोटीस प्रसिद्ध करून हरकतींसाठी एक महिन्याची मुदत देणे बंधनकारक आहे. परंतु राजपत्र सामान्य पुणेकर वाचत नाही आणि नोटिशीतील सर्व्हे क्रमांक, हिस्सा क्रमांक यांवरून ती आपल्याच गल्लीशेजारच्या मैदानाची आहे, हे मुदतीत उमगणे कठीण असते. याच कलमाने राजपत्राखेरीज अन्य कोणत्या रीतीने नोटीस द्यावी, हे ठरविण्याचा अधिकार नियोजन प्राधिकरणाला, म्हणजे येथे महापालिकेलाच, दिलेला आहे. त्यामुळे प्रत्यक्ष जागेवर नकाशासह मराठी फलक लावण्यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही, महापालिकेने मनावर घेतले तरी पुरे.

बंगळुरूमधील उद्यानाची जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये अवैध ठरविला, तेव्हा दाद मागणारे त्याच वस्तीतील रहिवासी होते आणि तो त्यांचा हक्क न्यायालयाने मान्य केला. दाट वस्तीच्या पेठांत तर एकदा गेलेले मैदान पुन्हा मिळत नाही. म्हणून महापालिका आयुक्तांनी असा फलक आणि क्षेत्रीय कार्यालयात, नोकरदारांनाही येता येईल अशा वेळी, सुनावणी सक्तीची करणारे परिपत्रक काढावे, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

— एक वाचक, सहकारनगर, पुणे