बोअरचं पाणी आणि ती मशीन

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बोअरचं जड पाणी मऊ करायची मशीन विकणाऱ्या त्या मशीनवाल्याला या वेळी ॲडव्हान्स देऊन टाकतो, असं बाबा परवा म्हणाले, तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. फोनवर सगळं नीट बोलणं होत नाही, म्हणून लिहून पाठवते. बाबा, हे पूर्ण वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

त्याने आपल्या पाण्यात दोन सळया बुडवून वीज सोडली आणि पाणी तांबडंलाल झालं, ते बघून आई घाबरली. आई, तो रंग पाण्यातला नव्हता गं. त्यातली एक सळई लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं, आणि तो गंज तुला दिसला. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून त्याचा ग्लास तसाच स्वच्छ राहिला. चांगलं, पिण्यासारखं पाणीही आपल्यासारखंच लाल झालं असतं. घरात दोघंच वयस्कर माणसं बघून असं घाबरवून वस्तू विकणं, याचा मला फार राग येतो.

पाणी जड आहे, हे मात्र खरं. मांजरा धरणाचं पाणी रोज येत नाही, टाकीत बोअरचंच जास्त. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा आठवला की बोअरला नावं ठेवायला जीभ रेटत नाही. पण ते पाणी वर्षानुवर्षं दगडात मुरलेलं. त्यातला कॅल्शियम पाणी तापलं की चुन्यासारखा खाली बसतो. गीझरची कॉइल वरचेवर जळते ती यामुळेच. थर बसला की कॉइलची उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही, बिल वाढतं आणि शेवटी कॉइलच जाते. साबणाला फेस येत नाही, स्टीलच्या तांब्यावर पांढरे डाग पडतात, आणि आई, तुझी तुरीची डाळ चार शिट्ट्यांनंतरही बोटचेपी होत नाही, तेही त्यामुळेच. डाळ भिजवायला आणि शिजवायला फिल्टरचं पाणी घे. सोड्याची चिमूट नको, बाबांना बीपी आहे.

जड पाण्याने घराचं नुकसान होतं, तुमच्या तब्येतीचं नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे या जडपणाची, मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरं पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. मला काळजी आहे ती नायट्रेट आणि फ्लोराइडची. ती डोळ्यांना दिसत नाहीत, चवीला कळत नाहीत, उकळूनही जात नाहीत. आणि मशीनवाला विकतोय ती मशीन ही दोन्ही काढतही नाही. ती कॅल्शियम धरून ठेवते आणि त्याच्या बदल्यात पाण्यात सोडियम सोडते. बाबांच्या बीपीला तेवढंच कमी होतं का?

म्हणून आधी पाणी तपासून घेऊ. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ते होतं. बाटली कशी भरायची हे तिथेच विचारून घ्या, आणि नायट्रेट, फ्लोराइड आवर्जून बघायला सांगा. रिपोर्टचा फोटो मला पाठवा. आरओचा फिल्टर आहेच, त्याच्या मेम्ब्रेनची, म्हणजे आतल्या गाळणाऱ्या पडद्याची, मुदत संपली का तेही बघू.

गीझरचं मात्र या आठवड्यातच करा. मेकॅनिकला बोलवून टाकी आतून साफ करून घ्या, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह चालतोय का हे तुमच्यासमोर तपासायला लावा. आत दाब वाढला की तोच पाणी बाहेर सोडतो. क्षाराने तो अडकला तर टाकी फुटू शकते. रात्री झोप लागत नाही ती मला याच विचाराने. तोपर्यंत गीझर चालू असताना आंघोळीला जाऊ नका, आधी बंद करून मग जा. थर्मोस्टॅट ५५ अंशांच्या वर नको.

नळाच्या जाळ्या काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेव आई, सकाळी जुन्या ब्रशने घासलं की धार मोकळी होईल. ओट्यावर सांडू देऊ नकोस, आपला कडप्पा चुनखडीचाच दगड आहे, चकाकी जाईल. आणि फरशीचं ॲसिड नळांना लावायचं नाही, ब्लीचिंग पावडरीत तर चुकूनही मिसळायचं नाही, त्याचा वायू छातीत जातो.

मशीनवाला आला तर सांगा, मुलगी म्हणते रिपोर्ट आल्यावर बघू. मेकॅनिकचे पैसे मी पाठवते, बाबा, नाही म्हणू नका.

तुमची,
ताई