चेंडूचा टप्पा फळ्यावर आखता येत नाही

संपादक महोदय,

ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या प्रशिक्षकांच्या ‘सिस्टीम’वर, म्हणजे कोणी कुठे राहायचं हे आधीच आखून देण्याच्या पद्धतीवर, टीका करणारा आपल्या क्रीडा पानातला लेख वाचला. मी बरीच वर्षं मेलबर्नला आहे आणि इथल्या सेंट किल्डा क्लबचा समर्थक आहे, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवेना.

सिस्टीमला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. या खेळात ऑफसाइड नाही. अठरा जण एवढ्या मोठ्या मैदानावर कुठेही पळू शकतात, म्हणून कोणी कुठली जागा धरायची हे ठरलेलं नसेल तर नुसती पळापळ होते. २००८ मध्ये प्रशिक्षक ॲलिस्टर क्लार्कसन यांनी हॉथॉर्न क्लबच्या पोरांना माणसापेक्षा जागा राखायला शिकवलं आणि साखळीत एकच सामना हरलेल्या जीलाँग क्लबला अंतिम सामन्यात २६ गुणांनी हरवलं.

प्रशिक्षक रॉस लायन यांनी आमच्या संघाला अशीच शिस्त लावली. २००९ मध्ये आम्ही सलग १९ सामने जिंकलो. मग अंतिम सामना आला. चौथ्या क्वार्टरमध्ये बरोबरी होती, मैदानाच्या मधोमध चेंडू सुटा पडला होता आणि जीलाँगचा बचावपटू मॅथ्यू स्कारलेटने तो उचलण्याच्या भानगडीत न पडता बुटाच्या टोकाने साथीदार गॅरी ॲब्लेटकडे ढकलला. त्यातून गोल झाला आणि आम्ही १२ गुणांनी हरलो. बचावपटूला हे कोणी शिकवलं नव्हतं, त्याला त्या क्षणी सुचलं. पुढच्या वर्षी अंतिम सामन्यात कॉलिंगवूडशी ६८-६८ बरोबरी झाली. शेवटी आमच्या लेनी हेजची लांब किक आमच्याच स्टीफन मिल्नच्या पुढ्यात पडली, लांबुळका चेंडू आडवा उसळला आणि गोलच्या सहा गुणांच्या जागी गोल हुकल्यावर मिळणारा एकच गुण हाती लागला. बरोबरीमुळे झालेला फेरसामना आम्ही ५६ गुणांनी हरलो. आमचं एकमेव विजेतेपद अजून १९६६चंच आहे.

मला वाटतं, चेंडूच्या टप्प्याचा भरवसा नसतो हे रिचमंड क्लबचे तेव्हाचे प्रशिक्षक डेमियन हार्डविक यांनी ओळखलं. चेंडू कसाही, पण पुढे न्या, असं त्यांच्या रिचमंडचं साधं धोरण होतं. टप्पा वेडावाकडा पडणार हे त्यात धरलेलंच होतं. आधीच्या विजेतेपदानंतर ३७ वर्षांनी, २०१७ मध्ये, ते पुन्हा विजेते झाले आणि नंतर २०१९ व २०२० मध्येही.

म्हणून लहान मुलांच्या प्रशिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे की जागा धरायला नंतर शिकवा, आधी त्यांना चेंडूशी खेळू द्या. गेल्या रविवारी आमच्या जवळच्या मैदानावर अकरा-बारा वर्षांच्या एका मुलाला चेंडू मिळाला. पुढे सगळं मोकळं होतं. त्याने आधी बाकाकडे, फळा घेऊन उभ्या असलेल्या सरांकडे पाहिलं, आणि तेवढ्यात समोरच्या संघातल्या मुलाने त्याला मागून धरलं.

आपला,
एक वाचक, मेलबर्न